बारा नंबर सोडून बाकीच्या बराकींचं काय?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परदेशात पळालेले आरोपी परत आणताना आपलेच जेल कसे आडवे येतात त्याबद्दल लिहितेय. पत्र लांबलंय, आधीच सांगते. कापायचं तर कापा, पण खिडकीचं जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

माझं सात रस्त्याजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा, एक मशीन, एक कॉम्प्युटर-प्रिंटर, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो. आर्थर रोड जेल चालत पाच मिनिटांवर. रस्त्याचं नाव आता साने गुरुजी मार्ग आहे पण म्हणत कोणी नाही, तो आर्थर गव्हर्नर मुंबई सोडून गेला त्याला पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला आर्थर रोडच सांगावं लागतं. (साने गुरुजी स्वतः धुळ्याच्या आणि नाशिकच्या जेलमध्ये राहून आलेले, त्यामुळे नाव चुकीच्या रस्त्याला दिलंय असं काही मला वाटत नाही.) तर बावीस वर्षांत माझं निम्मं गिऱ्हाईक जेलचंच, म्हणजे आतल्यांचे नातेवाईक. मुलाखतीला आलेले असतात, आधारची झेरॉक्स काढायची असते, वकिलाने सांगितलेला कागद प्रिंट करायचा असतो. मोबाईल आत नेता येत नाही म्हणून माझ्याकडे ठेवून जातात. मी पैसे घेत नाही, श्रीखंडाचा मोठा डबा आहे त्यात ठेवते आणि प्रत्येकावर रबर लावून चिठ्ठी. दुपारी बारा-साडेबाराला डब्यातले सगळे एकदम वाजायला लागतात, स्क्रीनवर नावं येतात, मम्मी, सेठ, वकील साब, घर. उचलायचे नाहीत हा माझा नियम आहे.

आता मुद्द्यावर येते. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी, त्याची बातमी आली, की बेल्जियममध्ये अँटवर्पच्या कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला भारताच्या ताब्यात द्यायला हरकत नाही म्हटलं आणि डिसेंबरात तिथल्या वरच्या कोर्टानेही त्याचं अपील फेटाळलं, तेव्हापासून दुकानात जो येतो तो एकच बोलतो. हे गोरे लोक आपल्या चोरांना पोसतात. एवढी वर्षं का लागतात. एक फोन केला की पाठवायला पाहिजे. तुमच्याकडे छापून आलेल्या दोन-तीन पत्रांतही हाच सूर होता, एकाने तर लिहिलंय की इंटरपोल झोपलंय का.

तर पहिलं इंटरपोलचं सांगते, कारण मलाही आधी तसंच वाटायचं की इंटरपोल म्हणजे काळे गॉगल घालून येतात आणि उचलून नेतात. तसं काही नाहीये. इंटरपोलचं ऑफिस फ्रान्समध्ये लिऑनला आहे, १९६ देश मेंबर आहेत, आणि काम बरचसं पोस्टमनचं. एका देशाची चिठ्ठी दुसऱ्याला पोचवायची. रेड नोटीस म्हणजे वॉरंट नाही, ती विनंती आहे, की बाबा हा माणूस तुमच्याकडे सापडला तर धरून ठेवाल का. धरायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या कायद्याने ठरतं. आणि चोक्सीच्या नावाची रेड नोटीस तर इंटरपोलने २०२२ मध्येच काढून टाकली होती! तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमने त्याला पकडला, कारण आपल्या सीबीआयने थेट तिकडच्या सरकारकडे कागद पाठवले होते. म्हणजे पकडणं होतं, ते एवढं अवघड नाहीये. गाडी अडते ती पुढे, कोर्टात.

आणि कोर्टात कशावरून अडते ते मला माझ्याच मशीनवर कळलं.

विजय मल्ल्या २०१६ च्या मार्चमध्ये लंडनला गेला, त्याच्या केसचा निकाल २०१८ च्या १० डिसेंबरला लागला. त्यानंतर काही दिवसांनी एक ज्युनियर वकील पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणाला काकू हे सगळं प्रिंट करा, त्याच्या सिनियरला हवं होतं. पानंच पानं. माझं मशीन जुनं, मधे मधे गरम होतं मग थांबावं लागतं. तर थांबून थांबून मी वाचत होते, इंग्रजी मला बऱ्यापैकी कळतं, नाही कळलं ते रात्री मुलीला विचारलं, ती तेव्हा बारावीला होती, आता लॉ करतेय. मला वाटलं होतं निकालात बँकेच्या कर्जाचं, पैशाचंच सगळं असणार. ते होतंच. पण एक अख्खा भाग आमच्या शेजारच्या जेलवर होता! आर्थर रोडच्या बारा नंबरच्या बराकीवर. मी इथे बावीस वर्षं बसते, मला आतलं काही माहीत नाही, आणि लंडनच्या कोर्टात त्या बराकीतल्या संडासावर, गादीवर, खिडकीवर दोन्हीकडचे वकील भांडत होते.

खिडकीचं असं झालं. मल्ल्याच्या वकिलांचं म्हणणं होतं की तिथे उजेड नाही, हवा नाही, माणसाला ठेवण्यालायक जागा नाही. आपल्या सरकारने फोटो दिले. एमा अर्बथनॉट म्हणून जज बाई होत्या, फोटोंवर त्यांचं समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या व्हिडिओ द्या, दारातून आत शिरल्यापासून दाखवा, खिडकीतून दिवसाचा उजेड खरंच आत येतो का ते मला बघायचंय. मग आपल्या लोकांनी व्हिडिओ काढून पाठवला. बाईंनी तो मान्य केला, प्रत्यार्पणाला, म्हणजे त्याला भारतात पाठवायला, हो म्हटलं, पण सोबत हेही नोंदवून ठेवलं की बराकीची नुकतीच रंगरंगोटी झालेली आहे. मी ते वाचून एकटीच हसले. कारण हे तर आपण घरोघरी करतो, पोरीला बघायला येणार म्हणून पुढच्या खोलीला चुना मारायचा, मागची मोरी तशीच ठेवायची आणि मधलं दार लावून घ्यायचं. पाहुणेही तसेच करतात म्हणून त्यांना कळतं, पण बोलत नाहीत. या बाई बोलल्या.

नंतर चोक्सीच्याच घोटाळ्यातल्या नीरव मोदीच्या केसमध्ये पुन्हा तीच बराक, पुन्हा व्हिडिओ. २०१९ ला पकडला, २०२१ च्या फेब्रुवारीत खालच्या कोर्टाने हो म्हटलं, २०२२ च्या नोव्हेंबरात हायकोर्टानेही अपील फेटाळलं, तरी पुढे वर्षं गेलीच. आणि आता चोक्सीसाठी आपल्या गृह मंत्रालयाने बेल्जियमला जे लिहून दिलंय ते पेपरात आलं होतं, मी कात्रण काढून दुकानात काचेखाली ठेवलंय. बराक नंबर बारा. माणशी कमीत कमी ३ चौरस मीटर मोकळी जागा, फर्निचर सोडून. जाड सुती गादी, उशी, चादर, ब्लँकेट. डॉक्टरने सांगितलं तर पलंग. उजेड, वारा, स्वच्छ पिण्याचं पाणी, तीन वेळा जेवण. रोज तासाच्या वर मोकळ्या हवेत फिरणं. योगासनं, लायब्ररी. चोवीस तास डॉक्टर.

तीन चौरस मीटर हा आकडा कुठून आला तर युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने २०१६ मध्ये क्रोएशियाच्या एका केसमध्ये ठरवलाय, की एकत्र कोठडीत माणशी त्याच्यापेक्षा कमी जागा असेल तर अमानुष वागणूक आहे असं आधी धरूनच चालायचं, मग सरकारने ते खोटं पाडून दाखवायचं. तीन चौरस मीटर म्हणजे किती हे मी घरी फरशीवर मोजून बघितलं. आमच्या चाळीतल्या खोलीची फरशी जुनी, एक फुटाची. तेहेतीस फरशा होतात, थोडं कमीच. एक सतरंजी आणि शेजारी एक बादली, पाय पसरून झोपता येतं. मोठं काही मागत नाहीयेत हो ते लोक.

आता बारा नंबर सोडून बाकीचं. आर्थर रोडची कागदावरची क्षमता वर्षानुवर्षं ८०४ होती आणि आत माणसं त्याच्या तिप्पट-चौपट, हे तुमच्याच पेपरात कितीदा आलंय. २०२० च्या मे महिन्यात आत कोरोना घुसला तेव्हा बघता बघता शंभराच्या वर कैद्यांना झाला, होणारच ना, अंतर ठेवायला अंतर कुठे होतं. देशाचं बघितलं तर सरकारचीच आकडेवारी आहे, २०२२ ची, सगळ्या जेलांत मिळून ५ लाख ७३ हजार माणसं, शंभराच्या जागेत १३१, आणि त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त न्यायबंदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. चारातले तीन. हे वाक्य मी गिऱ्हाइकाला सांगते तेव्हा कोणाचा विश्वासच बसत नाही.

आमच्या चाळीतल्या एका वहिनींचा मुलगा मोबाईल चोरीच्या केसमध्ये आत होता. इथे नाही, मुंबईबाहेरच्या एका जेलमध्ये, नाव लिहीत नाही. जामीन झाला होता बरं का, पंधरा हजाराचा. पण जामीनदार मिळेना. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात, त्यांच्या ओळखीत रेशनकार्ड, पगाराची स्लिप आणि सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (ऐपतीचा दाखला) असं सगळं असलेला माणूस कुठून येणार. कागद माझ्याकडेच प्रिंट व्हायचे म्हणून मला माहीत आहे, तीनदा अर्ज बदलला. हातात जामिनाची ऑर्डर असून पोरगा चार महिने आत. बाहेर आल्यावर दोन दिवस काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगत होता की काकू तिकडे उताणं झोपता येत नाही, कुशीवरच झोपायचं, आणि रात्री एकाला कूस बदलायची असेल तर रांगेतल्या सगळ्यांनी एकदम बदलायची, कोणीतरी टाळी वाजवतो. सांगताना त्याने हातानेच दाखवलं, टाळी कशी ते. दोन्ही हात खरजेने भरलेले होते. केस अजून चालू आहे.

हा पोरगा आणि चोक्सी एकाच कायद्याखाली न्यायबंदीच ना? दोघांचाही गुन्हा शाबीत व्हायचाय. फरक एवढाच की एक पळून जाऊ शकला म्हणून त्याला ३ चौरस मीटर लेखी मिळाले. जो पळाला नाही त्याला टाळी.

मला माहितीये आता कोण काय म्हणणार ते. चोरांना कसल्या गाद्या आणि योगासनं, आम्ही लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसतो. मीही असंच म्हणायचे. म्हणून माणुसकीचं बाजूला ठेवून नुसता फायद्याचा हिशेब मांडते, मारवाड्यासारखा. आपल्याला पळालेले परत हवेत ना? मग त्यांच्या वकिलांच्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता कोणता ते बघा. पुरावा नाही. पैसे नाहीत. आपला जेल.

संजीव चावला, क्रिकेटच्या मॅच फिक्सिंगमधला आरोपी, २००० सालचं प्रकरण. २०१७ मध्ये लंडनच्या कोर्टाने पुरावा आहे म्हटलं पण तिहार जेलच्या अवस्थेमुळे पाठवायला नाही म्हटलं. मग आपण हमीपत्रं दिली, ती एकदा पुरली नाहीत, पुन्हा दिली, आणि माणूस आला २०२० च्या फेब्रुवारीत. संजय भंडारी, शस्त्रांच्या व्यवहारातला दलाल, कर चुकवल्याचा आणि मनी लाँडरिंगचा आरोप. २८ फेब्रुवारी २०२५ ला लंडनच्या हायकोर्टाने त्याला चक्क सोडून दिलं, का तर तिहारमध्ये बाकीचे कैदी किंवा जेलचेच लोक त्याच्याकडून खंडणी उकळतील, मारतील असा खरोखरचा धोका आहे म्हणून. आणि सगळ्यात जुनं म्हणजे पुरुलिया. १९९५ च्या डिसेंबरात बंगालमध्ये विमानातून रायफली आणि काडतुसं टाकली ते. त्यातला किम डेव्ही डेन्मार्कचा. २०११ मध्ये तिथल्या कोर्टाने नाही म्हटलं, २०२४ मध्ये पुन्हा नाही, दोन्ही वेळेला कारण एकच, भारतात याचा छळ होण्याची भीती. एकोणतीस वर्षं! नाचता येईना अंगण वाकडं असं आपण दुसऱ्याला म्हणतो, इथे तर अंगण आपलंच आहे.

बरं हे गोरे आपल्यालाच असं वागवतात का? नाही. मी पण आधी तेच समजत होते की साहेबाचा माज अजून उतरला नाही. पण मुलीने दाखवलं, २०१६ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टात हंगेरी आणि रुमानियाचं प्रकरण झालं, जर्मनीतल्या कोर्टाने विचारलं होतं की या देशांचे जेल भरून वाहतायत, तिकडे आरोपी पाठवू की नको, आणि उत्तर आलं की धोका खरा असेल तर थांबा, आधी खात्री मागा. आपसातसुद्धा! आणि याच्यावर कडी म्हणजे २०२३ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या कोर्टाने एका माणसाला इंग्लंडला पाठवायला नकार दिला, कारण इंग्लंडचे जेल भरलेत आणि नीट नाहीत. जे लंडन आपल्याकडे खिडकीचा व्हिडिओ मागत होतं त्याच लंडनला. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणजे आता जगात गुन्हेगाराची देवाणघेवाण अशीच चालते, तू माझा माणूस दे, पण त्याच्या आधी मला तुझं घर दाखव. एका अर्थाने मुलगी द्यायच्या आधी सासर बघून येतात तसंच. आपले ४८ देशांशी करार आहेत म्हणे, असू देत, करार हा नुसता पत्रिका जुळल्यासारखा.

आणि दिलेला शब्द पाळला तर फायदा होतो, हेही आपल्याच शहराने बघितलंय. अबू सालेम. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला. मला तो दिवस आठवतो, माझी एक आत्या तेव्हा फोर्टात कामाला होती, रात्री चालत घरी आली, चपला हातात. २५७ माणसं गेली. सालेमला २००२ मध्ये लिस्बनला पकडला आणि २००५ च्या नोव्हेंबरात आणला, ते पोर्तुगालला दिलेल्या शब्दावर, की फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांच्या वर आत ठेवणार नाही. लोक आजही चिडतात त्याच्यावर. मीही चिडायचे. पण २०२२ च्या जुलैत आपल्या सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की शब्द दिलाय तर पंचवीस वर्षं झाल्यावर सरकारने तो पाळायचा. म्हणजे २०३०. गिळायला कडू आहे, पण शब्द दिला नसता तर तो लिस्बनलाच राहिला असता आणि एवढी वर्षंही आत काढली नसती. आणि पुढच्या वेळेला दुसऱ्या देशाच्या कोर्टात आपला वकील उभा राहून म्हणू शकतो, की बघा आम्ही शब्द पाळतो. या सालेमवर २०१० मध्ये आर्थर रोडच्या आत आणि २०१३ मध्ये तळोज्याला हल्ला झाला होता. हे असले प्रकार बाहेरच्या वकिलांना आयतं कोलीत.

तहव्वूर राणाच्या वेळेलाही तेच. २६/११ च्या केसमध्ये एप्रिल २०२५ ला अमेरिकेने त्याला पाठवला, पण शेवटच्या दिवसांपर्यंत त्याचे वकील तिथल्या सुप्रीम कोर्टात हेच सांगत होते की भारतात माझ्या अशिलाचा छळ होईल. तिथे ते चाललं नाही. दरवेळेला चालणार नाही याची खात्री कोण देणार.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. छळविरोधी म्हणून युनोचा एक करार आहे. भारताने त्याच्यावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली. सही केली पण मंजुरी दिली नाही, म्हणजे साखरपुडा करून लग्नाची तारीखच काढली नाही. २०१० मध्ये लोकसभेत बिल पास झालं, राज्यसभेत कमिटीकडे गेलं आणि तिथेच मेलं. २०१७ मध्ये लॉ कमिशनने सांगितलं की मंजुरी द्या, कायद्याचा मसुदापण लिहून दिला, आणि त्यात त्यांनी साफ म्हटलंय की हा कायदा नसल्यामुळे परदेशातून आरोपी आणताना अडचण येते. हे मी म्हणत नाहीये, सरकारच्याच कमिशनने म्हटलंय. परदेशी कोर्टात आपला वकील उभा राहतो तेव्हा समोरचा पहिला हाच कागद काढतो.

दुसरं, मंडेला नियम. व्हिएन्नाला युनोचं एक कमिशन आहे, गुन्हे रोखणं आणि न्यायव्यवस्था हा त्याचा विषय, तिथे देशोदेशीच्या प्रतिनिधींनी बसून कैद्यांना कसं ठेवायचं याचे जुने १९५५ चे नियम २०१५ मध्ये नव्याने लिहिले आणि नेल्सन मंडेलांचं नाव दिलं, सत्तावीस वर्षं आत काढलेला माणूस. मुलीने मला त्यातला चौदावा नियम वाचून दाखवला. खिडकी एवढी मोठी पाहिजे की कैद्याला दिवसाच्या उजेडात वाचता येईल, आणि ताजी हवा आत आली पाहिजे. म्हणजे लंडनच्या जज बाई काही स्वतःच्या मनाचं मागत नव्हत्या, जगाने मिळून ठरवलेलं तेच विचारत होत्या. एकविसाव्या नियमात प्रत्येक कैद्याला वेगळं अंथरूण आहे. प्रत्येक, असं लिहिलंय, कराराने आलेला असं नाही लिहिलेलं.

त्यात गंमत अशी की जेल हा विषय राज्याचा. हमीपत्र दिल्लीहून जातं आणि बराक असते महाराष्ट्र सरकारची. खाली वर्षानुवर्षं १८९४ चा तुरुंग कायदा, इंग्रजांचा. २०२३ मध्ये केंद्राने नवीन मॉडेल कायदा करून राज्यांना पाठवला. मॉडेल पाठवून काय होतं, मी पण गिऱ्हाइकांना अर्जाचे मॉडेल देते, भरायला लागतात की नाही?

गर्दी कमी करायला नवीन जेल बांधायला पाहिजेत असं सगळे म्हणतात, बांधा, पण त्याच्या आधी जे आत असायलाच नकोत ते बाहेर काढा ना. जामीन होऊन पैशापायी अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची स्कीम आहे, सुरुवातीला त्यात न्यायबंद्याला चाळीस हजारापर्यंत सरकार देणार होतं. आमच्या वहिनींना पंधरा हजार हवे होते. त्यांना कोणी सांगितलं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं आणि मी सगळे कागद माझ्या हाताने काढत होते, याची मला अजून लाज वाटते. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ आहे, ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही त्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आत काढले असतील तर त्याला सोडायचं, जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि ज्याच्यावर एकापेक्षा जास्त केस आहेत ते वगळून. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय की जुन्या केसनाही लावा. आता मी दोन्हीची माहिती मराठीत टाईप करून दुकानाबाहेर चिकटवलीय, ए-थ्री साईजला, लॅमिनेशन करून. हे काम झेरॉक्सवालीने करायचं का?

माझं सरकारला एवढंच म्हणणं आहे की बारा नंबरसाठी बेल्जियमला जो कागद लिहून दिलात, तोच कागद आमच्याही जेलांना लिहून द्या. तीन चौरस मीटर, गादी, खिडकी. एका वर्षात होणार नाही, दहात करा, पण दरवर्षी किती झालं ते जाहीर करा. जेलचं कुलूप उघडून कोणाला दाखवायला नको, नुसतं बराक, फूट, माणसं एवढं लिहा. त्याच्यानंतर लंडनला व्हिडिओ पाठवायची वेळ आली तर कॅमेरा कुठल्याही बराकीत नेता येईल आणि आधी रंगवाल्याला बोलवावं लागणार नाही.

काल दुपारी हे पत्र टाईप करत होते तेव्हा एक बाई आल्या, पनवेलकडच्या, पहिल्यांदाच मुलाखतीला आलेल्या. मोबाईल ठेवला, चिठ्ठीवर नाव लिहिलं. काचेखालचं ते चोक्सीचं कात्रण त्यांनी वाकून वाकून वाचलं, गादी, उशी, ब्लँकेट, सगळं. मग मला विचारलं, ताई हे आतलंच आहे का, मग मी घरून चादर आणलीये ती परत न्यायची का?

मी म्हटलं नाही, घेऊन जा, गेटवर विचारा.

आपली नम्र वाचक,
सात रस्ता, मुंबई

ता. क. नाव छापू नका, दुकानाचं तर अजिबातच नको.